प्रोजेक्टसाठी कंपनी नको शोधू, आधी एक बोल्ट शोध

नाशिकच्या एका कॉलेजात एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीनं विचारलंय: “सर, ‘आंतरराष्ट्रीय व्यवसायातील बहुराष्ट्रीय कंपन्यांसमोरील सद्य आव्हानांचा अभ्यास’ हा प्रोजेक्टचा विषय मिळालाय. नेटवर सगळीकडे तेच मुद्दे येतात: राजकीय धोका, चलनातले चढउतार, संस्कृती, स्पर्धा. गाइड म्हणतात प्रश्नावली करा, किमान ५० नमुने हवेत. पण कुठल्याही मोठ्या कंपनीत माझी ओळख नाही. वडिलांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, पण त्याचा या विषयाला काही उपयोग नाही. सुरुवात कुठून करू?”

मला खटकलेलं वाक्य आधी घेतो. वर्कशॉपचा उपयोग नाही म्हणे! अगं, तुझ्या विषयाचा अर्धा मालमसाला त्या गाळ्यात, तारेला ओवलेल्या चलानांच्या गठ्ठ्यात पडलेला असेल.

मी २७ वर्षं नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत निर्यातीचं काम केलं. सुरुवातीला डॉक्युमेंटेशन, मग शिपमेंट, शेवटची दहाएक वर्षं दर ठरवायच्या टेबलावर. समोर बहुतेक वेळा एखाद्या परदेशी कंपनीचा परचेसवाला. आता अधूनमधून कॉलेजांत प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बसतो. तुझ्याच विषयाचे प्रोजेक्ट दरवर्षी समोर येतात. पहिली ३० पानं व्याख्या, मग एक पेस्टल तक्ता (राजकीय, आर्थिक, सामाजिक वगैरे घटकांचा), मग कॉलेज रोडवर चहा पीत भरून घेतलेली प्रश्नावली. ‘जागतिकीकरणामुळे बहुराष्ट्रीय कंपन्यांसमोरील आव्हाने वाढली आहेत असे आपणास वाटते का?’ ज्यांना विचारलंय त्यांनी आयुष्यात शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) पाहिलेलं नसतं, पण वाटतं सगळ्यांनाच. मग त्याचा रंगीत पाय चार्ट. त्यात मुलांचा दोष कमी आणि विषयाच्या शीर्षकाचा जास्त आहे. ते शीर्षक वाचलं की माणूस आपोआप यादीच करायला बसतो.

यादी सोड. मी टेबलाच्या अलीकडे बसून जे शिकलो ते एवढंच: आव्हान कंपनीसमोर उभं राहतं खरं, पण कंपनी ते स्वतःच्या अंगावर ठेवेलच असं नाही. ती ते पुढे ढकलते. कधी गिऱ्हाइकाकडे, कधी माल पुरवणाऱ्या वेंडरकडे, कधी भारतातल्या भागधारकांकडे, आणि कुठेच ढकलता आलं नाही तर कारखाना विकून निघून जाते. तुझा अभ्यास असा हवा: एक अडचण कुठे निघाली, कुठल्या कागदावरून कोणाकडे गेली आणि शेवटी पैसे कोणाच्या खिशातून गेले.

त्यासाठी एक वस्तू धर. मी बोल्ट म्हणतो, कारण तो मला माहीत आहे. निर्यातीच्या प्रत्येक वस्तूला कस्टम्सचा एक कोड असतो, आपण त्याला एचएसएन म्हणतो. लोखंडी नटबोल्ट, स्क्रू, वॉशर ७३१८ मध्ये येतात. वाहनांचे सुटे भाग ८७०८ मध्ये. एकाच गाळ्यात, एकाच सीएनसी मशिनवर, त्याच ऑपरेटरनं काढलेले दोन तुकडे; एकाचा कोड ७३१८, दुसऱ्याचा ८७०८. गाळ्याच्या दारातून बाहेर पडले की दोघांचं नशीब वेगळं. कसं ते सांगतो.

युरोपनं आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवर सीमाशुल्कासारखी व्यवस्था आणली, आपल्याकडे सगळे तिला सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, दर तिमाहीला. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन यांना ती लागू आहे. ७३१८ तिच्यात आहे, ८७०८ नाही. आणि कायदा नीट वाच: जबाबदारी युरोपातल्या आयातदारावर आहे, अंबडमधल्या कारखान्यावर नाही. कागदावर.

प्रत्यक्षात काय झालं? २०२४ मध्ये आमच्या एका जर्मन गिऱ्हाइकाकडून एक्सेल शीट आली. एका टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड, ते भरा. मुदत दहा दिवस. शीटमध्ये इतके पिवळे रकाने की आमचा क्वालिटीवाला म्हणाला, “सर, हे भरण्यापेक्षा बोल्ट बनवणं सोपं आहे.” विजेचं बिल आमच्याकडे होतं. पण कार्बनचा मोठा हिस्सा आमच्या मशिनवर निघतच नाही, तो निघतो वायर रॉड (बोल्टचा कच्चा माल) बनवणाऱ्या पोलाद कारखान्यात. तिथे कोळशावरची ब्लास्ट फर्नेस आहे की विजेची भट्टी, यावर आकडा पार बदलतो. आम्ही रॉड घ्यायचो डीलरकडून. त्याला विचारलं तर म्हणाला, “माल दोन मिलचा मिक्स आहे, साहेब. बंडलवर टॅग असेल तर बघा.” हीट ट्रीटमेंट बाहेर, तीन गल्ल्या पलीकडे. त्या भट्टीत आमच्या मालासोबत आणखी पाच जणांचा माल एकाच वेळी भाजला जातो. त्यातला आमच्या वाट्याचा गॅस किती? भट्टीवाल्यानं हिशेबाची वही माझ्यासमोर ठेवली. त्यात वजन होतं, तारीख होती, उधारी होती. गॅस नव्हता.

शेवटी आम्ही भट्टीच्या एका पूर्ण दिवसाचा गॅस आणि एकूण वजन मोजून सरासरी काढली, डीलर बदलून मिलचा दाखला देणारा धरला (किलोमागे दर थोडा वाढला) आणि सल्लागाराला फी दिली. गिऱ्हाइकानं या कशाचेही पैसे दिले नाहीत. पुढच्या वर्षीच्या दरपत्रकात नेहमीची कपात मात्र मागितली.

आता सांग, ‘पर्यावरणविषयक नियम’ हे आव्हान नक्की कोणासमोर होतं? जर्मनीतल्या कंपनीसमोर, की तीन गल्ल्या पलीकडच्या भट्टीवाल्यासमोर? तुझ्या प्रोजेक्टचं एक संपूर्ण प्रकरण एवढ्यावर होतं, आणि ते नेटवर मिळणार नाही.

अमेरिकेच्या आयातशुल्काचंही तसंच. इथे मुलं ‘अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावला’ असं एका ओळीत लिहून मोकळी होतात. कुठल्या मालावर, कुठल्या कायद्याखाली, कुठल्या तारखेपासून? भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या कारणावरून २७ ऑगस्टपासून आणखी २५ लागलं होतं, हे एक. पोलाद आणि पोलादी वस्तूंवरचं शुल्क वेगळ्या कलमाखाली, जवळजवळ सगळ्या देशांना मिळून. ते ४ जून २०२५ पासून दुप्पट होऊन ५० टक्के झालं. वाहनांच्या ठरावीक सुट्या भागांवर आणखी वेगळं, ३ मे २०२५ पासून २५ टक्के. बघ, पुन्हा आपले तेच दोन तुकडे आले. दर पुढेही हलत राहतात, म्हणून प्रत्येक दराशेजारी तारीख लिहायची सवय लाव. ‘सद्य’ हा शब्द तुझ्या शीर्षकातच आहे. एका मुलानं मागे ब्रेक्झिट सद्य आव्हान म्हणून लिहिलं होतं. ते कधी झालं विचारलं तर वर बघायला लागला. (३१ जानेवारी २०२०.)

समुद्राचं प्रकरण मला जास्त जवळचं, कारण त्यात रात्री जागलोय. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवाहून युरोपला साधारण दहा ते पंधरा दिवस जास्त. भाडं वाढलं, ते सगळ्यांना माहीत आहे. भाडं कोण देणार हे पीओवरची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरची, अट ठरवते. एफओबी न्हावाशेवा असेल तर जहाजाचं भाडं गिऱ्हाइकाचं, डीएपी असेल तर आपलं. आमची अट एका गिऱ्हाइकाशी अशी होती की माल त्याच्या युरोपातल्या गोदामात आपण ठेवायचा आणि त्यानं गोदामातून उचलला की मगच पैशांची मुदत सुरू. आता हिशेब कर. समज, आठवड्याला एक कंटेनर, प्रत्येकात ४० लाखांचा माल. प्रवास दोन आठवड्यांनी लांबला म्हणजे ८० लाखांचा माल कायमचा जास्तीचा पाण्यावर. कॅश क्रेडिटचा दर साडेदहा टक्के धरला तर वर्षाला ८ लाख ४० हजार नुसतं व्याज. येमेनमधली लढाई आणि नाशिकमधल्या बँकेचं व्याज यांच्यामध्ये फक्त पीओवरची एक ओळ होती. ही ओळ शोधणं म्हणजेच अभ्यास.

द्राक्षवाल्यांना तर व्याजाचीही चैन नव्हती, माल नाशवंत. माझा मेहुणा पिंपळगावला बाग करतो. जानेवारी ते एप्रिल हा आपला हंगाम, आणि २०२४ चा जानेवारी उजाडला तेव्हा जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळत होती. पेटीतली द्राक्षं तेवढे दिवस जास्त टिकली पाहिजेत. घेणारे कोण? युरोपातल्या सुपरमार्केट साखळ्या. त्याही बहुराष्ट्रीय कंपन्याच आहेत, हे विद्यार्थी विसरतात. त्यांच्या डोळ्यासमोर फक्त मोटारी आणि कोला. रसायनांच्या अवशेषांची कायद्याची मर्यादा एक, आणि काही साखळ्यांची स्वतःची मर्यादा त्याच्या एक-तृतीयांश. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते आठवणारे बागायतदार नाशिक जिल्ह्यात गावोगाव सापडतील. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. शेतीतली ओळख असेल तर बोल्टऐवजी द्राक्षाची पेटी धर, माझी काही हरकत नाही. कांदा मात्र नको. त्यात बंदी, शुल्क, किमान निर्यातमूल्य इतक्या वेळा बदललंय (८ डिसेंबर २०२३ ची बंदी, ४ मे २०२४ ला उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं, ते सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं) की तो आपल्या सरकारच्या धोरणाचा अभ्यास होतो, बहुराष्ट्रीय कंपन्यांचा नाही.

आता दुसरी बाजू. सगळं खाली ढकलता येतं असं माझं म्हणणं नाही. काही वेळा कंपनीलाच सोसावं लागतं, आणि त्या घटना सार्वजनिक आहेत, म्हणून तुला सोप्या.

तळेगावचं जनरल मोटर्सचं उदाहरण घे. नाशिकहून पुणे रस्त्यानं चाकणला उजवीकडे वळलं की तिथे जाता येतं. कंपनीनं २०१७ च्या शेवटी भारतात विक्री थांबवली, निर्यातीसाठी उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चालू ठेवलं. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सनं कारखाना घ्यायचा करार केला. व्यवहार दोन खासगी कंपन्यांमधला, दोघींची तयारी. मग १७ एप्रिल २०२० ला भारत सरकारची प्रेस नोट ३ आली: ज्या देशांची जमीन भारताच्या सीमेला लागून आहे, तिथल्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी हवी. जूनमध्ये गलवानला भारत-चीन चकमक झाली. परवानगी आली नाही, मुदत वाढवत वाढवत २०२२ मध्ये करार संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घ्यायचा करार केला. ‘राजकीय धोका’ म्हणून पुस्तकात जो परिच्छेद असतो, त्याच्या जागी हे लिही. त्यात तारखा आहेत, आणि कोणी दुष्टही नाही.

रशियातून बाहेर पडताना फ्रान्सच्या रेनोनं मे २०२२ मध्ये अव्तोवाझ या रशियन मोटार कंपनीतला आपला हिस्सा नाममात्र एका रूबलला दिला. ४ एप्रिल २०२५ ला चीननं काही दुर्मिळ खनिजं आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि काही आठवड्यांतच जगभरच्या मोटार कंपन्यांची धावपळ झाली. एवढासा चुंबक! पण तो नसला की लाइन थांबते, आणि तो दुसरीकडे ढकलायला वेंडरच नसतो. हे दोन्ही एकेका परिच्छेदात येऊ देत, जास्त नको.

माझं आवडतं उदाहरण मात्र नेस्लेचं. भारतातली कंपनी स्वित्झर्लंडच्या मूळ कंपनीला रॉयल्टी देते, विक्रीच्या साडेचार टक्के. २०२४ मध्ये ती पाच वर्षांत सव्वापाच टक्क्यांपर्यंत न्यायचा प्रस्ताव आला. भारतातल्या भागधारकांनी मे २०२४ मध्ये तो फेटाळला. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांचं हित वेगळं असू शकतं, हे पुस्तकात दहा पानांत सांगतात. इथे ते एका मतदानात दिसतं.

सांस्कृतिक फरकाबद्दल फार लिहू नकोस. माझ्या अनुभवात जर्मन असो की कोरियन, तिसऱ्या मीटिंगनंतर सगळे दरावरच बोलतात.

वाचायचं काय? कंपनीची वेबसाइट नाही, वार्षिक अहवाल. आपल्या शहरातलंच घे. मायको सर्कल रोज ओलांडतेस, ते नाव ज्या कंपनीवरून पडलं ती आजची बॉश लिमिटेड. मूळ कंपनी स्टुटगार्टजवळची, आणि भारतातली शेअर बाजारात नोंदलेली, त्यामुळे अहवाल फुकट आणि उघडा. सातपूरचा कारखाना डिझेल इंजेक्शनसाठी ओळखला जातो, आणि वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० ला लागू झाले. मागचे सहा-सात अहवाल समोर ठेव आणि तीनच ठिकाणी बघ. एक, व्यवस्थापनाच्या विवेचनातला ‘जोखीम आणि चिंता’ हा भाग. दरवर्षी कोणता शब्द नव्यानं आला आणि कोणता गळला. दोन, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. मूळ कंपनीकडून किती माल घेतला, रॉयल्टी किती, तिला किती विकलं. तीन, संभाव्य देण्यांची टीप, जिथे करखात्याशी चाललेले वाद असतात. अध्यक्षांचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, ते सगळीकडे सारखंच असतं. कंपनी शेअर बाजारात नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शंभर रुपये भरून तिची कागदपत्रं बघता येतात. शंभर रुपयांत इतकं वाचायला मिळतं हे कोणी विद्यार्थ्यांना सांगतच नाही.

जागतिक किमान कर, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच समूहातल्या कंपन्यांनी आपसात लावलेले दर), डेटा कायदे, हे विषय खरे आहेत आणि मोठेही आहेत. पण त्यांचे कागद तुझ्या हाताला लागणार नाहीत. प्रस्तावनेत दोन ओळी लिही आणि बाजूला हो.

आता गाइडच्या ५० नमुन्यांचं. भांडू नकोस, ते विद्यापीठाच्या साच्यात बसवायला बघतायत. पण नमुना म्हणजे माणूसच पाहिजे असं कुठे लिहिलंय? ५० कागद हाही नमुना. पीओ, शिपिंग बिल, डेबिट नोट, दर बदलल्याची पत्रं. वडील थेट निर्यात करत नसतील, पण ते ज्या कारखान्याचं जॉबवर्क करतात तो करत असेल, किंवा त्याचा गिऱ्हाईक करत असेल. वडिलांना घेऊन तिथे जा. एकटी गेलीस तर गेटवरूनच परत येशील. आधीच सांग की कंपन्यांची नावं आणि दर तू झाकणार आहेस, ‘खरेदीदार अ’, ‘खरेदीदार ब’ असं लिहिणार आहेस. मग प्रत्येक कागदातून पाच गोष्टी टिपायच्या: तारीख, एचएसएन, इनकोटर्म (एफओबी, डीएपीसारखी अट), पैशांची मुदत, आणि ‘आम्हाला ही माहिती द्या’ म्हणून नवीन काय मागितलंय. २०१९ चे कागद आणि २०२५ चे कागद शेजारी ठेवलेस की फरक तुझा तुलाच दिसेल.

मुदतीच्या रकान्याकडे खास लक्ष दे. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाचा परिणाम दिसू लागला: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा मिळतो. लेखी करार नसेल तर १५ दिवस. कायदा वेंडरच्या बाजूचा. त्या वर्षी एका मोठ्या खरेदीदाराच्या ऑफिसातून मला फोन आला, आणि पलीकडच्या मुलानं फार आशेनं विचारलं, “सर, तुमची उद्यम नोंदणी ‘मध्यम’मध्ये तर नाही ना झाली चुकून?” ‘मध्यम’ला हे कलम लागू नाही; तसा असतो तर त्याची ९० दिवसांची मुदत वाचली असती.

कागदांसोबत सहा-सात मुलाखती पुरे: एक फॉरवर्डर (माल जहाजानं पाठवायची सोय करणारा), एक सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट), एक हीट ट्रीटमेंटवाला, एक परचेसमधला माणूस (निवृत्त झालेला शोध, तोच बोलतो), एक बँकेतला आणि तुझे वडील. त्यांना आव्हान हा शब्द वापरून काही विचारू नकोस. विचार, “गेल्या तीन वर्षांत गिऱ्हाइकानं असं काय मागितलं जे आधी मागत नव्हता?” आणि पुढे, “त्याचे पैसे कोणी दिले?” मग गप्प बस आणि लिहून घे.

शीर्षक बदलायची परवानगी मिळाली नाही तर तेच ठेव आणि खाली उपशीर्षक जोड: ‘नाशिकमधील ७३१८ वर्गातील निर्यातीच्या ५० कागदपत्रांच्या आधारे, २०१९ ते २०२५’. गाइडला उपशीर्षकाला सहसा हरकत नसते. रविवारी गाळा बंद असेल तेव्हा तो चलानांचा गठ्ठा तारेवरून काढ, तारखेनं लाव, आणि पहिल्या दहा कागदांचा तक्ता मला पाठव. एचएसएनचा रकाना रिकामा राहिला तरी भरून टाकू नकोस, वडिलांना विचार.